ट्रामच्या वाटेनं, उतरत उतरत

नाशिकरोडला उतरलं म्हणजे नाशिकला पोचलं असं होत नाही. नाशिकबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. गाडीतून उतरून तो उत्साहानं विचारतो, ‘गोदावरी कुठंय?’ आणि मग त्याला कळतं की अजून आठ-नऊ किलोमीटर जायचंय. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे १८६० च्या दशकात कसारा घाट चढून इकडे आली, पण गावात शिरली नाही. लांबूनच निघून गेली. देव, नदी, बाजार सगळं एका टोकाला आणि स्टेशन दुसऱ्या टोकाला. मधे तेव्हा होतं दाट जंगल.

हे अंतर भरून काढायला नाशिकमध्ये ट्राम होती.

हे वाक्य मी आजवर ज्या ज्या मित्रमैत्रिणींना ऐकवलंय त्यांतल्या निम्म्यांना ती थाप वाटली. ट्राम म्हणजे कोलकाता. फार तर जुनी मुंबई. नाशिक म्हटलं की मिसळ, द्राक्षं, कुंभमेळा. पण होती खरी. १८८९ साली अडीच फूट रुंदीचा रूळ टाकून बांधलेली ही ट्राम मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून थेट नाशिकरोड स्टेशनापर्यंत जायची. दोन डबे आणि ओढायला चार घोडे. पुढे घोडे गेले आणि पेट्रोलवर चालणारं इंजिन आलं. दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांनी कंपनीचं कंबरडं मोडलं, तोटा वाढत गेला आणि १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ती बंद पडली. मुंबईची ट्राम ९ मे १८७४ ला घोड्यांवरच सुरू झाली, १९०७ मध्ये विजेवर गेली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री तिनं शेवटची फेरी केली. त्या शेवटच्या फेरीच्या आठवणी सांगणारे लोक अजून भेटतात. नाशिकची ट्राम मात्र आठवणीतूनही उतरून गेलीये.

आमच्या घरात ती शिल्लक राहिली ती एका भांडणापुरती. माझी पणजी येवल्याहून लग्न होऊन आली तेव्हा स्टेशनावरून गावात ट्रामनं आली, यावर सगळ्यांचं एकमत. पुढे आत्या म्हणते, घोडे होते, आणि त्यातला एक पांढरा होता. काका म्हणतो, काय पांढरा नि काळा, इंजिन होतं, धूर सोडायचं. दोघांचाही जन्म ट्राम बंद पडल्यावर वीस-पंचवीस वर्षांनी झालेला. तरी दर दिवाळीला हा वाद व्हायचा, आणि बाबा मधेच म्हणायचे, ‘ट्रंक होती एवढं नक्की.’ ती पत्र्याची हिरवी ट्रंक वाड्याच्या माळ्यावर होती, त्यामुळे त्याला कुणाचा आक्षेप नसायचा.

गेल्या डिसेंबरात मला नाशिकला जावं लागलं ते या वाड्यासाठी. भद्रकालीच्या मागच्या बोळातला आमचा वाडा पाडून तिथं इमारत होणार आहे. काका आणि आत्या यांनी आधीच होकार दिला होता. तिसरी सही बाबांची. ते नाहीत, म्हणून माझी. दुपारी तीनची वेळ ठरली होती. मी सकाळच्या तपोवननं निघाले, दहाच्या आत नाशिकरोडला उतरले आणि हातात मोकळे पाच तास होते.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात जुन्या ट्राम अजून फिरतात. एकदा तिकीट काढायचं आणि दिवसभर हवं तिथं उतरायचं, फिरायचं, मागून येणाऱ्या ट्राममध्ये पुन्हा चढायचं. मेलबर्नमध्ये तर शहराच्या मध्यातून गोल फिरणारी जुनी ट्राम फुकट आहे. हॉप-ऑन हॉप-ऑफ म्हणतात याला. मला त्यातलं चढणं विशेष वाटत नाही. चढायला आपल्याकडेही मिळतं. गंमत आहे उतरण्यात. लहानपणी आम्ही मुंबईहून दर दिवाळीला यायचो, स्टेशनाबाहेर रिक्षा ठरायची आणि मी बाबांच्या मांडीवर झोपून थेट मेनरोडला उठायचे. मोठी झाल्यावर मांडीच्या जागी मोबाईल आला, एवढाच फरक. या रस्त्यावरून मी शे-दीडशे वेळा गेले असेन, पण मधे कधी उतरले नव्हते. म्हणून ठरवलं, सिटीलिंकची बस आणि शेअर रिक्षा हीच आपली ट्राम. चार ठिकाणी उतरायचं.

बिटको चौकात उतरून चहा घेतला. यापलीकडे तिथं सांगण्यासारखं काही घडलं नाही.

दुसरा थांबा नेहरूनगरजवळचा. इथं इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस आहेत. लांबच लांब भिंत, वर तारा, गेटवर पहारा. फोटो काढायचा विचारही मनात येऊ नये अशी सगळी रचना. सिक्युरिटी प्रेस १९२० च्या दशकातली, नोटांची प्रेस १९२८ ची. म्हणजे दोन्ही ट्रामच्या हयातीतल्या. देशभरातली पोस्टाची तिकिटं, पासपोर्ट, स्टॅम्पपेपर इथं छापले जातात. भिंतीच्या कडेनं चालता चालता डोक्यात आलं, आज दुपारी ज्या स्टॅम्पपेपरवर मी सही करणार आहे तोही इथलाच असणार. वाडा नाशिकचा, कागद नाशिकचा. अंतर सात-आठ किलोमीटर, पण कागद बहुधा कुठल्या कुठल्या तिजोऱ्या फिरून आला असेल. थोडं हसू आलं, मग आलं नाही.

तिथून शेअर रिक्षा. मागे आम्ही तिघी, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक. मी नासर्डी पुलाशी थांबवायला सांगितलं तर ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. ‘इथं काय काम आहे, ताई?’ काम काहीच नव्हतं. शेजारची बाई म्हणाली, ‘अहो, उतरू द्या की त्यांना.’

पुलावर उभं राहिलं की बाजूनं ट्रक जातो तेव्हा पायाखालची जमीन हलते. खाली नासर्डी. नंदिनी हे तिचं जुनं नाव आता पुन्हा वापरात आणलंय. पाण्याचा रंग त्या नावाला शोभत नाही. दोन्हीकडे इमारती, गॅरेजेस, कोचिंग क्लासचे फलक. इथं कधी जंगल होतं यावर विश्वास ठेवायला बराच जोर लावावा लागतो. अशा रस्त्यानं चार घोड्यांनी दोन भरलेले डबे ओढायचे म्हणजे घोड्यांवर जुलूम असं वाटतं. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरलं की घर्षण फार कमी होतं. खडीच्या रस्त्यावर एक घोडा जेवढं ओढतो त्याच्या कितीतरी पट वजन तोच घोडा रुळावर ओढतो. ट्रामची सगळी किमया एवढ्यातच आहे.

या ट्रामचा सल्लागार इंजिनिअर होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा माणूस मला ट्राममुळे सापडला आणि मग काही दिवस मी त्याच्यातच अडकले होते. १८५७ चा जन्म, १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात. अरुंद रूळ हा त्याचा ध्यास. नाशिकनंतर त्यानं बार्शी लाइट रेल्वे उभी केली, तीही अडीच फुटांचीच. १८९७ मध्ये ती सुरू झाली आणि पुढे पंढरपूरपर्यंत गेली. म्हणजे एकाच इंग्रज माणसानं आधी गोदावरीच्या यात्रेकरूंची सोय पाहिली आणि मग विठोबाच्या वारकऱ्यांची. पुढे इंग्लंडमध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, १९१० मध्ये विमान कोसळून गेला, आणि कॅलथ्रॉपनं उरलेलं आयुष्य पॅराशूट बनवण्यात घातलं. विमानातून सुखरूप उतरता यावं म्हणून. त्याच्या पॅराशूटचं नाव ‘गार्डियन एंजल’. आणि हे कमी म्हणून की काय, तो अरबी घोडे पाळायचा आणि १९२० मध्ये त्यानं घोडा हा आपला सोबती आणि मित्र कसा आहे यावर पुस्तक लिहिलं. नाशिकच्या ट्रामचे घोडे त्याला आठवत असतील, असं मी आपलं धरून चालते. आत्याच्या पांढऱ्या घोड्याला तेवढाच आधार.

द्वारका हा चौथा थांबा, आणि खरं तर इथून पळून जावंसं वाटतं. पुणे रोड, मुंबई-आग्रा महामार्ग आणि गावात जाणारा रस्ता असं सगळं इथं एकमेकांवर येऊन आदळतं. डोक्यावरून उड्डाणपूल. मुंबईहून धुळ्याला जाणाऱ्याला नाशिक आता पुलावरूनच दिसतं, दोन-तीन मंदिरांचे कळस आणि पाण्याच्या टाक्या. चालणाऱ्यासाठी जमिनीखालून भुयारी मार्ग केलाय, पण लोक वरूनच हात दाखवत गाड्यांमधून वाट काढतात. मीही एका आजोबांच्या मागे मागे ओलांडलं. त्यांच्या हातात दुधाची किटली होती आणि चेहऱ्यावर कसलीही घाई नव्हती.

या वाटेवर मेट्रो निओ येणार असं आपण ऐकत आलोय. २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मान्यता दिली, २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. रबरी टायरवर, विजेच्या तारेखालून, उंच खांबांच्या मार्गावर धावणारी गाडी. त्यातली एक मार्गिका गंगापूरहून नाशिकरोडला येणारी. मी गेले त्या दिवशी तरी वाटेत तिचा एकही खांब दिसला नाही. ती आली तर मी बसेन, हौसेनं बसेन. पण तीही वरूनच जाणार. दर काही वर्षांनी कुणीतरी सुचवतं की जुन्या धाटणीची ट्राम पर्यटकांसाठी पुन्हा सुरू करावी, पितळी घंटा, रंगवलेले डबे वगैरे. रामकुंड, काळाराम, पंचवटी, सेल्फी. मला ते तितकंसं पटत नाही. जुनी ट्राम काही शोभेची नव्हती. तिनं आपल्या आयुष्यात किमान तीन सिंहस्थ पाहिले, तिच्यात बोचकी, आजारी म्हातारे, अस्थींचे कलश, नव्या सुना बसल्या. तिची आठवण ठेवायचीच असेल तर या रस्त्याला आधी चालता येण्याजोगे फुटपाथ द्या. पितळी घंटेचं नंतर बघू.

द्वारकेहून सारडा सर्कल, तिथून शालिमार. शालिमारला उतरलं की पुढे चालायचंच. रस्ता अरुंद होत जातो, दुकानं पुढे सरकत येतात, आणि मेनरोडवर आपण जुन्या नगरपालिकेच्या दारात असतो. महापालिका केव्हाच शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात गेली, पण या इमारतीला लोक अजून जुनी नगरपालिकाच म्हणतात. इथून ट्राम सुटायची. मी रस्त्याकडे नीट पाहिलं. डांबर, काँक्रीट, गटाराची झाकणं. रुळाचा मागमूस नाही. समोर स्वेटर विकणाऱ्या बाईला विचारलं, ‘इथं पूर्वी ट्राम होती, ऐकलंय का?’ ती म्हणाली, ‘होती ना. माझी सासू सांगायची.’ आणि पुढच्याच श्वासात, ‘लोकरीचा दाखवू?’

मी स्वेटर घेतला.

भोवती दहा मिनिटांच्या अंतरात किती काय घडलं, आणि ते घडत असताना इथं ट्रामच्या फेऱ्या चालू होत्या, हे एकत्र कधी सुचलं नव्हतं. २१ डिसेंबर १९०९ ला जवळच्याच विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके सिनेमाचा संसार घेऊन मुंबईहून नाशिकला आले. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा नदीपलीकडचं ते दार बंद होतं. अलीकडे ट्रामची अखेरची वर्षं चालू होती.

वाड्यात पोचले तेव्हा पावणेतीन झाले होते. काका ओट्यावर उभाच होता. ‘दहाला उतरलीस ना? एवढा वेळ कुठं होतीस?’ मी म्हटलं, ‘येत होते.’

सह्या व्हायला वीस मिनिटं लागली. वकील तरुण होता, दर पानाला ‘इथं, मॅडम’ म्हणत बोट ठेवायचा. आत्यानं चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. बाबांच्या नावापुढे ‘मयत’ आणि त्याखाली ‘तर्फे वारस’ म्हणून माझं नाव. मग काका म्हणाला, माळ्यावरचं ज्याला जे न्यायचं ते आजच काढा, पुढच्या आठवड्यात माणसं येतायत. कुणाच्या फ्लॅटमध्ये काय मावणार यावर थोडी चर्चा झाली. ट्रंकेचं नाव कुणी काढेना. मी शिडी लावली.

ट्रंकेत जुनी पंचांगं होती आणि एक फुटका दगडी खल. पंचांगं काकाला दिली. खल आत्यानं घेतला. झाकणाच्या आतल्या बाजूला, पत्र्यावर खिळ्यानं कोरलेलं होतं, ‘नासिक’. बस, एवढंच, वळणदार बोडक्या अक्षरात. आत्या म्हणाली, ‘घोड्याबद्दल काही लिहिलंय का बघ.’ काका हसला. त्या दिवसात पहिल्यांदा.

शालिमारला संध्याकाळची गर्दी होती. नाशिकरोडची शेअर रिक्षा भरत आलेली. ड्रायव्हरनं ट्रंक पाहिली, रिकामी आहे का विचारलं, हातानं उचलून पाहिली. ‘मांडीवर बसणार नाही ही. एका सीटचं भाडं पडेल.’ मी दोन सीटचे पैसे दिले आणि ट्रंक खिडकीकडे बसवली.