एकतिसाव्या मजल्यावरची वैतरणा

मुंबईत लोअर परळला नव्यानेच उघडलेल्या एका उंच हॉटेलात दोन रात्री राहून आलो. एकतिसावा मजला. फोटो टाकल्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, कसं आहे, भाडं किती, नाश्त्याला काय होतं. भाड्याचं सांगता येत नाही, कारण बिल लेकीने भरलं आणि आम्हाला दाखवलंही नाही. नाश्ता उत्तम होता. खोलीबद्दल बोलायला जागा नाही. पण पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढलेल्या माणसाला अशा ठिकाणी जे दिसतं ते जरा वेगळं असतं, आणि त्याचा थेट संबंध आपल्या जिल्ह्याशी आहे. म्हणून आज लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

हॉटेलचं नाव लिहीत नाही. मला त्यांची तक्रारही करायची नाही आणि जाहिरातही.

आपल्या नाशकात 'हॉटेलात जाऊ' म्हटलं की आधी मिसळ डोळ्यासमोर येते. मुंबईची गोष्ट निराळी. तिथे ताज १९०३ साली उघडलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या शेजारी टॉवर उभा राहिला आणि नरिमन पॉइंटला ओबेरॉयची ३५ मजली इमारत आली. लोअर परळची पाळी फार नंतरची. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि त्या जमिनींवर मॉल, ऑफिसं, टॉवर आले. २०१२ च्या अखेरीस फिनिक्स मिलच्या आवारात शांग्री-ला हे उंच हॉटेल उघडलं, आता ते सेंट रेजिस आहे. आम्ही राहिलो ते त्याच भागातलं, पण दुसरं आणि अगदी नवं. खिडकीतून एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला चाळींची कौलं, आणि मध्ये जिकडेतिकडे क्रेन.

आमच्या लग्नाला ३५ वर्षं झाली म्हणून लेकीने हा घाट घातला. पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरलो, दुपारी खोली मिळाली. बाथरूम बघून बायको बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, यात बादलीच नाहीये."

खरंच नव्हती. छताला परातीएवढा शॉवर, काचेचं दार, आणि बादली-तांब्या गायब. फोन केल्यावर एका मुलाने हसत हसत बादली आणून दिली. म्हणाला, "बरेच लोक मागतात, काका." २० लिटरची साधी प्लॅस्टिकची बादली. आता खात्याची सवय काही जात नाही. ती बादली मी शॉवरखाली ठेवली आणि घड्याळ लावलं. दीड मिनिटात काठोकाठ भरली.

म्हणजे मिनिटाला १३ लिटरच्या आसपास. कुणी दहा मिनिटं अंघोळ केली तर १३० लिटर. आता इथून पुढचे चार आकडे नीट लक्षात ठेवा, सगळे सरकारी आहेत.

पंचतारांकित हॉटेलात दर खाटेमागे दिवसाला ३२० लिटर पाणी धरायचं, असं राष्ट्रीय बांधकाम संहिता, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोड सांगतो. साध्या हॉटेलांसाठी हाच आकडा १८० आहे.

शहरात घरात राहणाऱ्या माणसाला दिवसाला १३५ लिटर.

खेड्यातल्या माणसाला ५५ लिटर. हे जल जीवन मिशनचं प्रमाण.

आणि टंचाईत गावाला टँकर लागला तर माणशी २० लिटर. मोठ्या जनावराला ३५. हो, टँकरच्या हिशेबात म्हशीला माणसापेक्षा जास्त मिळतं, आणि तिच्या तहानेच्या मानाने ते बरोबरही आहे.

२० लिटर. म्हणजे ती एक बादली. पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणी, भांडी, सगळं त्यात. शॉवरखाली ती दीड मिनिटात भरली.

सोपा हिशेब करू. ३०० खोल्यांचं हॉटेल, खोलीत दोन खाटा धरा. ६०० गुणिले ३२०, म्हणजे दिवसाला १ लाख ९२ हजार लिटर. १२ हजार लिटरचे १६ टँकर. टंचाईच्या प्रमाणाने तेवढ्यात ९,६०० माणसांचा दिवस निघतो. हा हिशेब संहितेतल्या प्रमाणावरचा आहे. प्रत्यक्षात हॉटेल कधी अर्धं रिकामं असतं, वापर कमी होतो. तरी अंदाज यायला पुरेसा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टजवळ देखभाल विभागातला एक तंत्रज्ञ भेटला. बोलता बोलता कळलं की पोरगा घोटीजवळचा. मी पंपांबद्दल विचारायला लागलो तसा तो खुलला. पालिकेच्या नळाचा दाब अशा इमारतीत खालच्या काही मजल्यांपलीकडे जातच नाही. पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत घ्यायचं, तिथून पंपाने वर चढवायचं, मधल्या मजल्यांवरही टाक्या ठेवायच्या. वरून खाली येताना दाब कमी करणारे व्हॉल्व्ह लावायचे, नाहीतर खालच्या मजल्यावर नळ उघडला की पाणी अंगावर येईल. आग विझवायची टाकी वेगळी. बेसिन आणि अंघोळीचं पाणी शुद्ध करून संडासाच्या फ्लशला आणि एसीच्या कूलिंग टॉवरला वापरतात, हेही त्याने अभिमानाने सांगितलं. अभिमान वाटावा असंच आहे ते.

मग मी विचारलं, "आणि हे पाणी येतं कुठून?"

"बीएमसीचं."

"बीएमसीकडे कुठून?"

तो थांबला आणि हसला. "आपल्याकडून की, काका. वैतरणा."

त्याच्या पाड्यावर मे महिन्यात काय होतं ते मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं. आई सकाळी अंधारात विहिरीवर नंबर लावते.

आता हे सगळ्या नाशिककरांना ठाऊक असतं असं नाही, म्हणून लिहितो. मुंबईला सात जलाशयांतून पाणी जातं: ऊर्ध्व वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. विहार आणि तुळशी मुंबईतच आहेत. बाकीची बहुतेक ठाणे-पालघरच्या बाजूला. पण ऊर्ध्व वैतरणा आपल्या जिल्ह्यात आहे, इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरात. सत्तरच्या दशकात बांधलेलं धरण. म्हणजे मुंबईत पहिल्या उंच हॉटेलांची कामं होत होती, साधारण त्याच काळातलं. तिथलं पाणी सह्याद्री उतरून मोडक सागरात जातं, आणि तिथून पुढे उतारानेच भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राकडे. एवढ्या लांब ते पंपाशिवाय येतं. एकतिसाव्या मजल्यावर चढवायला मात्र वीज लागते.

सातही जलाशयांचा मिळून मुंबईसाठीचा साठा १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. त्यात ऊर्ध्व वैतरणेचा वाटा २ लाख २७ हजार. म्हणजे जवळपास सहावा हिस्सा. आपल्या भाषेत, दलघफूत सांगतो: साधारण ८ हजार दलघफू. आपलं गंगापूर धरण किती? साधारण ५,६०० दलघफू. गंगापूर धरण भरलं की आपण जलपूजनाचे फोटो टाकतो, पेपरात रोज टक्के वाचतो. त्याच्या जवळपास दीडपट पाणी आपल्याच जिल्ह्यातून मुंबईला जातं आणि त्याची बातमी फक्त मुंबईच्या पेपरात येते.

गैरसमज नको. मुंबईचं पाणी अडवा असं मी म्हणत नाहीये. आपल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी तिथे पोट भरतंय, माझी लेकही. त्र्यंबकच्या डोंगरातून गोदावरी पूर्वेला निघते आणि वैतरणा पश्चिमेला, तेव्हा वैतरणेचं पाणी कोकणाच्या दिशेने जाणं हे नदीच्या स्वभावातच आहे. धरण बांधलं तेव्हा मुंबईची तहान खरी होती, आजही आहे. हॉटेलवाला घरगुती दरापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजून पाणी घेतो, शेकडो पोरांना नोकऱ्या देतो. त्यातलाच एक घोटीचा.

माझा प्रश्न क्रमाचा आहे. शंभर किलोमीटरवरच्या एकतिसाव्या मजल्यापर्यंत पाणी पोचवायचं तंत्र आपल्याकडे पन्नास वर्षांपासून आहे. मग धरणाच्या आसपासच्या पाड्यावर नळ पोचवायला ते का सापडत नाही? त्र्यंबकेश्वर तालुक्यातला शेंद्रीपाडा आठवतो का? तास नदीवर टाकलेल्या लाकडी ओंडक्यावरून डोक्यावर हंडे घेऊन जाणाऱ्या बायकांचे फोटो देशभर फिरले होते. मग जानेवारी २०२२ मध्ये लोखंडी पूल बसवला, मंत्री येऊन गेले. त्याच पावसाळ्यात पूल वाहून गेला. जिथे पाऊस इतका पडतो की पूल टिकत नाही, तिथे उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट. डोंगरउतारावर पडलेला पाऊस थांबत नाही, खाली धरणात जातो, आणि धरणातलं पाणी वर पाड्यावर चढवायला पंप, पाइप आणि वीजबिल लागतं. एकतिसाव्या मजल्यासाठी हे तिन्ही मिळतं. पाड्यासाठी योजना मंजूर होते आणि पुढे वीजबिल थकलं की पंप बंद पडतो, हे मी नोकरीत स्वतः बघितलंय.

आपण नाशिककर पाण्यावरून भांडत नाही असंही नाही. २०१५ च्या दिवाळीआधी गंगापूर-दारणेतून जायकवाडीला पाणी सोडलं तेव्हा शहर रस्त्यावर आलं होतं. तिकडे मराठवाड्यात माणसं तहानलेली होती आणि समन्यायी पाणीवाटपाचा कायदा २००५ पासून आहे, तरी आपण भांडलो. वैतरणेकाठच्या पाड्यांसाठी मात्र असा एकही मोर्चा शहरातून निघालेला मला आठवत नाही. तिथल्या बायका आपल्या मतदारसंघातल्या नाहीत एवढंच ना कारण?

आता आपल्या शहराकडे या. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. हॉटेलं वाढताहेत, वाढणारच. डिसेंबर २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनंतर आपल्याकडेही उंच इमारतींना वाव मिळालाय. गंगापूर रोडला, पाथर्डी फाट्याला मान वर करून बघावं लागतं. चांगलंय. पण २०१६ चा गुढीपाडवा विसरू नका. सिंहस्थाची शाही स्नानं होऊन जेमतेम सात महिने झाले होते आणि रामकुंड कोरडं पडलं होतं. टँकरने भरायची वेळ आली होती.

म्हणून तीन मागण्या मांडतो, पटल्या तर पुढे न्या.

एक. नाशिक महापालिकेने प्रत्येक नव्या हॉटेलच्या आणि उंच इमारतीच्या परवानगीबरोबर तिचा पाण्याचा हिशेब वेबसाइटवर टाकावा. दिवसाला किती लागणार, नळाचं किती, बोअरचं किती, टँकरचं किती. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायची अट मोठ्या बांधकामांना नियमावलीतच आहे. ती यंत्रणा चालू आहे की नुसती बांधून ठेवलीय, हे दर सहा महिन्यांनी नागरिकांना दिसलं पाहिजे. आगीच्या यंत्रणेसाठी जानेवारी आणि जुलैत प्रमाणपत्र द्यावं लागतंच, २००६ च्या कायद्याने. पाण्यासाठी तसंच करायला काय हरकत आहे?

दोन. तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक इथल्या केंद्रांमधून शुद्ध होऊन बाहेर पडणारं पाणी सिंहस्थाच्या बांधकामांना, बागांना, रस्ते धुवायला सक्तीने वापरावं. गोदावरीचं पिण्याचं पाणी काँक्रीटवर मारायचं नाही.

तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. ऊर्ध्व वैतरणेच्या पाणलोटातल्या आणि काठावरच्या प्रत्येक पाड्याला ५५ लिटर नळाने मिळेपर्यंत त्या योजनांच्या पंपाचं वीजबिल धरणातून पाणी घेणाऱ्यांच्या पाणीपट्टीतून भरलं जावं. मुंबईच्या बिलात लिटरमागे ते जाणवणारही नाही. आपल्या जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांनी हे विधानसभेत आणि लोकसभेत मांडावं. कुठल्या पक्षाचे आहेत याच्याशी मला देणंघेणं नाही.

यावर कुणी म्हणेल, निवृत्त झाल्यावर बोलायला काय जातं. जात काहीच नाही, म्हणूनच बोलतोय. नोकरीत असताना याच गोष्टी अहवालात लिहिल्या, त्या फायलीत आहेत. फाइल कुणी उघडत नाही, फेसबुक सगळे उघडतात.

इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा इकडचे जे कोणी हे वाचत असतील त्यांनी खाली लिहा: तुमच्या गावात किंवा पाड्यावर नळ आहे का, असला तर त्याला पाणी येतं का, आणि शेवटचा टँकर कधी आला. गावाचं नाव, तालुका आणि तारीख, एवढंच पुरे. महिन्याभरात यादी झाली की जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात मी स्वतः जाऊन देतो आणि पोचपावतीचा फोटो इथे टाकतो.