आईसाठी गादी घेताना

आई कराडचं घर बंद करून माझ्याकडे पुण्याला राहायला आली, तेव्हा तिची कंबर चांगलीच धरलेली असायची. तिकडे तिची कापसाची गादी होती, पिंजाऱ्याकडून वेळच्या वेळी पिंजून घेतलेली. इथे नवीन घ्यायची ठरली. कंबरदुखी म्हटलं की कडक अंथरुणावर झोपा, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. आमच्या डॉक्टरांनी मात्र त्याला नकार दिला. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर झालेला एक अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला होता.

पण मध्यम म्हणजे किती? आई अंगानं किरकोळ आणि कुशीवर झोपणारी. जी गादी मला मऊ वाटते, ती तिला कडक लागते. दुकानात चपला काढून दोन मिनिटं आडवं झाल्यानं काय कळणार? म्हणून ‘नाही जमली तर परत घ्याल का?’ हा प्रश्न मी किमतीच्याही आधी विचारायला लागले.

पेठेतल्या पहिल्याच दुकानाच्या बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का होता. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरतात. मी हे सांगितल्यावर दुकानदार म्हणाले, “ताई, फाटकी निघाली तर घेईन की. पण आईंना आवडली नाही म्हणून कशी घेऊ?” त्यांचं हे म्हणणं मला पटलं. अंगाला न मानवणं हा कायद्याच्या लेखी दोष नाही. तिथे आपल्या हाती असतं ते फक्त विकणाऱ्यानं दिलेलं वचन, आणि ते लेखी हवं.

फोम मात्र ‘४० डेन्सिटी’चा असल्याचं ते छातीठोकपणे सांगत होते. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. ७२ बाय ३६ इंचांची पाच इंची गादी ४० डेन्सिटीची असेल, तर नुसता फोमच साधारण साडेआठ किलो भरायला हवा. दुकानात कापूस तोलायचा काटा होता. खोळीची चेन उघडून फोम त्यावर ठेवायला लावला, तर तो सात किलोसुद्धा भरला नाही. मी तिथून निघाले. घरच्या माणसाच्या पाठीशी ज्याची गाठ आहे, त्या मालात असं खोटं सांगणं मला सहन होत नाही.

मग शंभर रात्री वापरून बघा, असं सांगणाऱ्या एका कंपनीची गादी मागवली. त्याआधी फोन करून सगळं खोदून विचारलं: न्यायला माणूस कोण पाठवणार, भाडं कोणाचं, डाग पडला तर काय, पैसे खात्यात येणार की दुसरी गादीच घ्यावी लागणार? उत्तरं ईमेलवर मागून घेतली. गुंडाळून आलेली गादी खोलीत फुगली, वासही दोन दिवसांत गेला. पण आईचा खुबा आत रुतायचा आणि काठावर बसून उठताना काठच दबायचा. “अगं, ही मला आत ओढते,” असं ती म्हणायला लागली. परत पाठवली. पैसे कुरकुर न करता आले, याचं श्रेय त्या कंपनीला द्यायलाच हवं.

या खटाटोपात एक गोष्ट माझ्यापुरती स्पष्ट झाली. परतीची मुदत कितीही मोठी असली, तरी तिच्यात कळतं ते गादी अंगाला मानवते की नाही एवढंच. हलका फोम शंभर रात्री छान वागतो. खड्डा पडतो तो दोन-तीन वर्षांनी, मुदत कधीच उलटून गेल्यावर. तेव्हा आतला माल आणि वॉरंटीचा कागद हेच उपयोगी पडतात. तो कागदही नीट वाचावा लागतो. अनेक कंपन्या इंचभर खोल खड्डा असेल तरच दाद देतात, तोही गादीवर कोणी नसताना मोजलेला. पलंगाची फळी सपाट नसेल किंवा गादीवर डाग असेल, तर तक्रार बाद होऊ शकते. म्हणून गादीच्या आधी मी पलंगाची वाकलेली फळी बदलली.

शेवटी घेतली ती घराजवळच्या एका कारखानदाराकडून. खाली रबर लावून दाबलेला काथ्या, वर दोन इंच फोम. डेन्सिटी जास्त म्हणजे गादी कडक असं नाही, एकाच डेन्सिटीत मऊ आणि कडक दोन्ही फोम येतात, हे त्यांनी दोन तुकडे हातात देऊन दाखवलं. फोम शिवायच्या आधी माझ्यासमोर तोलला. बिलावर डेन्सिटी, जाडी आणि ‘महिन्याभरात वरचा थर बदलून देऊ, टेम्पोभाडं ग्राहकाचं’ असं सहीनिशी लिहून दिलं. थर बदलायची वेळ आली नाही. आई कुशीवर झोपते आणि सकाळी आधार न घेता उठते.