खाडीकाठचं चालतं घर

रायगडच्या किनाऱ्यानं जाणारा रस्ता फार वेळ सलग धावूच शकत नाही. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, सावित्री अशा खाड्या जमीन कापत आत शिरल्या आहेत आणि प्रत्येक खाडीपाशी रस्त्याला पूल शोधावा लागतो, नाहीतर बोट. घाईच्या माणसाला याचा राग येतो. पण राहतं घरच सोबत घेऊन निघालेल्या कुटुंबाला याहून चांगला किनारा मिळायचा नाही, असं माझं ठाम मत आहे. थांबावं लागलं तर थांबावं. चहा टाकावा, आईला घटकाभर आडवं होऊ द्यावं, मुलांनी खिडकीतून ओहोटीच्या चिखलात चरणारे बगळे बघत बसावं.

राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं ते 2021 साली. आमची गाडी भाड्याची होती. निजायची सोय, छोटासा ओटा, फ्रीज, न्हाणीघर आणि चालवायला एक दादा. भाऊच्या धक्क्यावर ती रो-रो बोटीच्या पोटात गेली आणि आम्ही वरच्या मजल्यावर आलो. 2020 च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या या बोटीनं मांडवा तासाभरावर आणून ठेवलं. थंडीत बोटीमागे कुरव पक्ष्यांचे थवे लागतात. आई कठड्याला टेकून त्यांच्याकडेच बघत होती. तिच्या लहानपणी अलिबागला जायचं म्हणजे पेण-वडखळ करत एसटीनं जायचं. खाली आपलं अंथरूण-पांघरूण, तांदूळ, कुकर सगळं समुद्रावरून चाललंय, याचं तिला मुलांहून जास्त अप्रूप वाटत होतं.

मांडव्यापुढे रस्ते अरुंद आहेत. अलिबाग ओलांडून आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा अशी गावं एकमेकांना लागूनच येतात. दोन्ही बाजूंना वाड्यांचे गडगे आणि वर माडा-पोफळींचं छत. उंच गाडीच्या टपाला झावळ्या घासत होत्या. दादा वेग इतका कमी ठेवत होते की अंगणात वाळत घातलेली सुपारी मोजता यावी. आक्षीचा शिलालेख शके 934, म्हणजे इ.स. 1012 चा मानला जातो. हजार वर्षांपूर्वीची मराठी अक्षरं या गावानं जपली, हे मुलांना मी तिथेच सांगितलं. पुस्तकातून सांगितलं असतं तर ते त्यांना इतकं लागलं नसतं.

रात्री नागावात एका वाडीत गाडी लावली आणि त्या घरच्यांनी पोपटी लावली. थंडीत अलिबागकडे जाऊन पोपटी न खाता परतणं म्हणजे अर्धीच सहल. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी; मध्ये मध्ये ओवा आणि जाडं मीठ. पाण्याचा थेंब घालायचा नाही. तोंडाशी पुन्हा पाला ठासून मडकं उपडं घालायचं आणि भोवती सुक्या झावळ्यांचा जाळ करायचा. अर्ध्या तासानं घरातल्या काकूंनी मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र आवाज आला. "झाली हो, काढा आता," त्या म्हणाल्या. मडकं फोडलं तेव्हा शेंगांना भांबुर्ड्याचा जो वास लागला होता, तो आमच्या गाडीतल्या ओट्यावर कधीच आला नसता. त्या रात्री आमची शेगडी पेटलीच नाही.

रेवदंड्याचा पूल ओलांडला की साळाव आणि मग कोर्लई. चौलचा पोर्तुगीज अंमल 1740 मध्ये संपला, पण कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून घडलेली बोली आजही घरात बोलली जाते. काशीद, मुरूड भराभर मागे पडलं. जंजिरा आम्ही लांबूनच पाहिला.

आगरदांड्याला जंगलजेटीत, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीत, गाडी चढवली. खाडीला वळसा घालून म्हसळ्यामार्गे जायचं तर बराच वेळ जातो. इथे पंधरा-वीस मिनिटांत दिघी. रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ते व्हायला हवेत. आजारी माणसाला, कॉलेजच्या मुलांना बोटीच्या वेळेवर विसंबून राहायला लावणं बरं नाही. आमच्यासारख्या सुटीवर आलेल्यांच्या हौसेपेक्षा त्यांची निकड मोठी.

दिवेआगरला वाडीत शिरताना मालक म्हणाले, "माडाखाली नको, नारळ पडेल. विहिरीपाशी घ्या." टाकीत विहिरीचं पाणी भरता भरता ते वादळाचं बोलू लागले. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं आणि एका दुपारीत पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात, माडाला त्याहून थोडी जास्तच. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव सगळीकडे, पण त्या वर्षी बागायतदाराच्या हाती फक्त पडलेली खोडं होती. मालकांनी नवी लावलेली पोफळ दाखवली. माझ्या मुलीनं तिच्या बुंध्याला हात लावून पाहिला. आमचं घर सकाळी उठून निघून जाणार होतं, त्यांचं तिथेच पाय रोवून होतं. हे तिला कळलं असावं, कारण रात्री तिनं गाडीबाहेर, त्यांच्या पडवीत निजायचा हट्ट धरला.

पुढचा शेखाडी-आरावीचा रस्ता समुद्राला बिलगून जातो. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा ओहोटी पाहूनच करायची असते. लाटांनी खडकाला जाळी पाडली आहे, आणि भरतीत तिथे कुणाचंच चालत नाही.

याच किनाऱ्यावर एक गोष्ट मला फार खुपली. काही गाड्या थेट पुळणीवर उतरवलेल्या दिसल्या, वाळूत चाकांचे खोल चर. दिवेआगर, हरिहरेश्वरच्या वाळूत थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडायला दीड-दोन महिने लागतात. चाकाखाली घरटं दबतं आणि बाहेर पडलेलं पिल्लू त्या चरात अडकून समुद्रापर्यंत पोचतच नाही.

तेव्हा चालतं घर घेऊन जरूर या, पण ते पुळणीवर नेऊ नका. गावातल्या एखाद्या वाडीत जागा मागा, तिचे पैसे द्या, एक वेळ तरी त्यांच्या पंक्तीला जेवा. आणि गाडीतली सांडपाण्याची टाकी खाडीत किंवा ओढ्यात रिकामी करू नका. वाडीवाल्यांना विचारलंत तर शौचकुपाची जागा ते दाखवतात.