तेराव्या सेलची गोष्ट

घराघरांत आता बॅटऱ्या आल्या आहेत. कुठे इन्व्हर्टरची, कुठे स्कूटरची. पण आपण त्यांच्याकडे दोनदाच पाहतो. विकत आणताना आणि बंद पडल्यावर. माझ्या मामंजींना हे मुळीच पटत नाही. ते भुसावळला रेल्वेच्या ट्रेन लायटिंग विभागात होते. वातानुकूलित डब्याखाली ११० व्होल्टची, ५६ सेलची बॅटरी असते. असे सेल तपासून वहीत नोंदी करण्यात त्यांची नोकरी सरली. ते म्हणतात, "एकूण व्होल्ट कोणीही मोजेल. त्यांतला आजारी कोण, हे शोधायला हवे."

आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत असे सहा सेल आहेत, प्रत्येक दोन व्होल्टचा. दर महिन्याला मामंजी मुख्य स्विच बंद करतात, चष्मा लावतात, हातातली अंगठी काढून ठेवतात आणि हायड्रोमीटर घेऊन बसतात. पाच सेल १.२४० दाखवत असतील आणि एखादाच १.१८०, तर तो सेल खचू लागला असे समजावे. पाणी फक्त डिस्टिल्ड, तेही चार्जिंग पुरे झाल्यावर, खुणेपर्यंतच. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी एका ठिणगीने भडका उडू शकतो. म्हणून आमची बॅटरी देवघराजवळून हलवून गॅलरीत गेली. निरांजन आणि बॅटरी शेजारी नकोत, हे सासूबाईंनाही पटले.

खरा प्रसंग आला तो गेल्या वर्षी. आमचा धाकटा इलेक्ट्रिक स्कूटरवरून घरोघर पार्सल पोहोचवतो. स्कूटर बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. त्याची बॅटरी निम्मीच चार्ज होऊन थांबू लागली. एका कारागिराने सोपा उपाय सुचवला, "आतले संरक्षण सर्किट बायपास करतो, पूर्ण चार्ज होईल." पैसेही थोडेच पडणार होते. मुलगा तयार झाला. मामंजी म्हणाले, "आधी माझ्यासमोर एकेक सेल मोजायला सांग."

त्या लिथियम बॅटरीत सेलचे १३ गट ओळीने जोडलेले होते. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येकाचे ४.२ व्होल्ट, एकूण ५४.६. मोजल्यावर दिसले की एक गट दुबळा होता. तो सर्वांच्या आधी भरायचा आणि सर्किट चार्जिंग थांबवायचे. सर्किट बिघडलेले नव्हते, ते आपले काम चोख करत होते.

मामंजींनी नातवाला कागदावर हिशेब मांडून दाखवला. बारा गट ४.१५ वर असले, तर त्यांची बेरीज ४९.८. चार्जरला ५४.६ गाठायचे आहेत. मग उरलेले ४.८ कोणाच्या माथी? त्या एकट्या दुबळ्याच्या! चार्जरला बेरीज बरोबर दिसते आणि आत एक सेल तापून पेट घ्यायच्या बेतात असतो. पहारेकऱ्याला घरी पाठवून दार उघडे टाकण्यासारखेच ते.

मुलगा चिडला. "नवी बॅटरी घ्यायला पैसे कुठून आणू?" त्याचेही खरे होते. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. सकाळी मामंजींनी आपल्या पेन्शनमधून निम्मे पैसे पुढे केले. बाकीचे त्याने हप्त्याने फेडले. आठ दिवस तो भावाच्या जुन्या सायकलवर फिरला, पण सर्किटला हात लागला नाही.

सिकंदराबादला सप्टेंबर २०२२ मध्ये इलेक्ट्रिक दुचाकींच्या दालनात लागलेल्या आगीचा धूर वरच्या हॉटेलात शिरून ८ माणसे गेली. अशा घटनांनंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. पण नियम कारखान्यापर्यंत; घरातले आपणच पाहायचे.

आमच्या घरातले नियम आता असे आहेत. चार्जर त्याच बॅटरीसोबत आलेला. स्कूटर दमून आली की बॅटरी अर्धा तास थंड होऊ द्यायची. फुगलेली, पडलेली किंवा भिजलेली बॅटरी लावायचीच नाही. सगळे झोपल्यावर चार्जिंग नाही. आणि बॅटरी दाराजवळ किंवा जिन्यात कधीच नाही, कारण आग लागली तर पळायची वाट तीच. धूर दिसताच सामान सोडून सर्वांनी बाहेर पडायचे आणि १०१ फिरवायचा.

मामंजींची वही आता धाकट्याकडे आहे. नव्या बॅटरीचे आकडे तो मोबाइलवर पाहतो, पण उतरवतो वहीतच. परवा तो आपल्या दुसऱ्या एका पार्सलवाल्या मित्राला समजावत होता, "बेरजेवर जाऊ नकोस. सर्वांत दुबळा कुठे आहे ते बघ." मामंजी पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण पानही उलटले नाही.