सही वडिलांची, सेवा मुलाची

सांगलीच्या एका जैन कुटुंबातील अभियंता मुलगा नोकरीनिमित्त सिंगापूरला गेला. काही वर्षांनी त्याने स्वतःसाठी, पत्नीसाठी आणि चार वर्षांच्या मुलासाठी तेथील कायम वास्तव्याचा परवाना घेतला. मुलाचे शिक्षण, स्वतःचे घर, स्थैर्य एवढाच विचार तेव्हा मनात होता.

नातू साडेसोळा वर्षांचा झाला आणि लष्करी नोंदणीची सूचना आली. सिंगापुरात १९६७ पासून सक्तीची राष्ट्रीय सेवा आहे. साधारण अठराव्या वर्षी दोन वर्षे पूर्णवेळ सेवा, त्यानंतर चाळिशीपर्यंत राखीव दलाची बोलावणी. कौशल्याच्या आधारे परवाना मिळवणाऱ्या वडिलांना ती माफ असते. त्यांच्यामुळे परवाना मिळालेल्या मुलाला मात्र बंधनकारक. सेवा टाळल्यास तुरुंगवासही होऊ शकतो. आधीच परवाना सोडला, तर पुढे तेथे शिकण्यासाठी किंवा नोकरीसाठी केलेल्या अर्जावर त्याचा प्रतिकूल परिणाम होतो.

आजोबा व्यथित झाले. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरातला मुलगा हाती बंदूक धरणार!

नातवाने फोनवर शांतपणे विचारले, "आजोबा, हिंसेचे चार प्रकार तुम्हीच मला शिकवले होते ना?"

आजोबांना उत्तर द्यावेच लागले. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. यांपैकी संकल्पी हिंसेचा त्याग गृहस्थाने पूर्णपणे करावयाचा असतो. रक्षणासाठी नाइलाजाने घडणारी ती विरोधी. श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींची मूर्ती उभारणारे चामुंडराय गंग राज्याचे सेनापतीच होते. धर्माचा प्रश्न असा काहीसा सुटला.

दुसरा प्रश्न मात्र सुटला नाही. नातवाचा पासपोर्ट भारताचा आणि गणवेश सिंगापूरचा. दोन्ही देशांना दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. उद्या त्याने तेथील नागरिकत्व स्वीकारले, तर १९५५ च्या कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व आपोआप संपुष्टात येईल. ज्या भूमीसाठी दोन वर्षे द्यावयाची, ती आपली म्हणावी की नाही, हे त्याला एकट्यालाच ठरवावे लागणार आहे.

नातू ठरल्या दिवशी सेवेत रुजू झाला. त्याने कोणालाही दोष दिला नाही. त्याच्या वडिलांना मात्र एकच रुखरुख लागून राहिली आहे. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहताना माणूस कागद दोनदा वाचतो. मुलाच्या आयुष्यावर सही करताना तो एकदाही नीट वाचला गेला नव्हता.