दाढेवरचे ओरखडे

टांझानियातल्या ओल्डुवाय घळीत १७ जुलै १९५९ रोजी मेरी लीकी यांना एक कवटी सापडली. दाढा इतक्या रुंद, इनॅमल इतकं जाड, की तिचं बारसंच ‘नटक्रॅकर मॅन’ असं झालं. एवढा दणकट जबडा टणक बिया फोडायला नाही तर कशाला? पुढे पॅरँथ्रोपस बोइसी म्हणून ओळखल्या गेलेल्या या जातीच्या सात जणांच्या दाढा पीटर उंगर आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. २००८ मध्ये निकाल छापून आला: टणक खाण्याचे खोल खळगे नाहीत, आहेत ते बारीक ओरखडे.

आकारावरून काय खाता आलं असतं ते कळतं. प्रत्यक्षात काय खाल्लं ते झीज सांगते, आणि तेही अलीकडचंच. सेरेंगेटीतल्या एकाच खडकावर राहणाऱ्या हायरॅक्स या छोट्या सस्तन प्राण्याच्या दोन जाती ॲलन वॉकर यांनी १९७८ मध्ये ताडून पाहिल्या. पावसाळ्यात गवत चरणारीच्या दाढा ओरबाडलेल्या, पाला खाणारीच्या गुळगुळीत.

खरं कसब मात्र सूक्ष्मदर्शकापाशी पोचण्याआधीच लागतं. ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने दाढेवरची धूळ आणि संग्रहालयाने कधीकाळी फासलेला डिंक हलक्या हाताने काढायचा. मग दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात तेच सिलिकॉन लावायचं आणि त्या साच्यात इपॉक्सी ओतायचं. एक बुडबुडा राहिला, तर पडद्यावर तो खळगा म्हणूनच मिरवतो! त्यात उत्खननातली वाळू आणि ब्रशही खुणा सोडतात. दातावर दात कधी घासत नाही त्या बाजूलाही तसेच ओरखडे दिसले, तर ती दाढ बाजूला ठेवलेली बरी.

पूर्वी फोटोवर ओरखडे हाताने मोजत. दोघांचे आकडे जुळतीलच असं नसे. २००५ मध्ये रॉबर्ट स्कॉट, उंगर आदींनी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने पृष्ठभागाची उंचीच बिंदूबिंदूवर मोजली. एक चौकट १३८ बाय १०२ मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा फार मोठी नाही. अशा चार शेजारशेजारच्या चौकटींतून पृष्ठभाग किती खडबडीत, ओरखडे किती एका दिशेचे, हे संगणक काढतो. कुठली चौकट घ्यायची, हे अजून माणूसच ठरवतो.

बोइसीच्या बाबतीत दातांतल्या कार्बन समस्थानिकांनीही गवत-लव्हाळ्यांकडे बोट दाखवलं. पण ओरखडे नेमके कशाचे? गवतातली सिलिका इनॅमलपेक्षा मऊ असते, कापते ती क्वार्ट्‌झची धूळ, असं पीटर लुकास यांच्या गटाने २०१३ मध्ये मांडलं. तो वाद अजून मिटलेला नाही.