तापीतला मासा आणि त्याचं मीठ

मुडावदला, पांझरा तापीला मिळते तिथे, कपिलेश्वराच्या पायऱ्यांवर एका मुलीने विचारलं : मासा पाणी पितो का? तापीतले रोहू, कटला, मृगळ जवळजवळ पीतच नाहीत. न पिताही पाणी त्यांच्या अंगात सारखं शिरत असतं.

•

माशाच्या रक्तातले क्षार लिटरमागे साधारण 9 ग्रॅम मिठाच्या तोडीचे. गोड्या पाण्यात ते अर्ध्या ग्रॅमहून कमी, समुद्रात 35 ग्रॅमच्या आसपास. पाणी जास्त खाऱ्या बाजूकडे ओढलं जातं आणि मीठ कमी खाऱ्या बाजूकडे, म्हणून नदीत पाणी आत येतं आणि मीठ बाहेर जातं, अहोरात्र. समुद्रातल्या सुरमईचं उलट : अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून ती खारं पाणी पिते आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकते.

•

आत आलेलं पाणी मूत्रपिंड उपसतं. काही जातींत दिवसाचं मूत्र अंगाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जातं. त्यातलं बहुतेक मीठ आधीच परत शोषलेलं असतं.

•

उरलेली तूट अन्नातून भरते, आणि कल्ल्यांतून. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी 1930च्या दशकाच्या अखेरीस गोल्डफिश शुद्ध पाण्यात ठेवून त्यांच्या अंगातले क्षार कमी होऊ दिले. मग अतिशय विरळ द्रावणात सोडल्यावर ते मासे त्यातूनही क्षार ओढून घेऊ लागले. कल्ल्यांतल्या खास पेशी हे काम करतात, त्याला ऊर्जा लागते. मला या सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत थोर वाटते : जवळपास अळणी नदीतून मासा मीठ कमावतो.

•

आता आपला उन्हाळा. मे महिन्यात बुराई नदीचे नुसते डोह उरतात. तापल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि माशाला तर तो जास्त हवा असतो. म्हणून तो कल्ल्यांतून जास्त रक्त खेळवतो. पण श्वासाची वाट तीच मिठाच्या गळतीची वाट. जितका श्वास ओढावा तितकं मीठ निसटतं आणि पाणी शिरतं. डोहात तडफडणाऱ्या माशाला ‘ऊन लागलं’ म्हणून सोडून देणं पुरेसं नाही. त्याच्यावर दोन ओझी एकदम पडलेली असतात. मरळ पाण्यावर येऊन हवा घेते, म्हणून तिथे ती तग धरते.

•

बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, हाताळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. जाळ्यात घासून अंगावरचा बुळबुळीत थर गेला, की गळती वाढते. घाबरलेल्या पिल्लाच्या कल्ल्यांतूनही मीठ जातं. म्हणून तापीवरच्या सुलवाडे बॅरेजच्या फुगवट्यात सोडताना पिल्लू पोहताना दिसतं, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत मरू शकतं. वाहतुकीच्या पाण्यात लिटरला 3 ते 5 ग्रॅम मीठ घातलं तर रक्तातल्या आणि पाण्यातल्या क्षारांमधलं अंतर कमी होतं, गळती मंदावते. बीज टाकण्याआधी ते ओल्या हाताने, घाई न करता हाताळायला हवं, आणि वाहतुकीच्या पाण्यात एवढं मीठ मोजून घालायला हवं.